चार छिद्रांमागे एक चौकट

सन १९१२. दादर. रात्र बरीच झाली आहे आणि मथुरा भवनातल्या एका खोलीच्या उंबऱ्याशी तुम्ही उभे आहात. आत तांबड्या काचेच्या दिव्याचा मंद उजेड आहे. या काळातल्या कच्च्या फिल्मला तांबडा रंग दिसत नाही, म्हणून एवढा तरी उजेड चालतो. डोळे सरावेपर्यंत नुसता आवाज ऐकू येतो: टक्, सर्र, टक्, सर्र.

दिसू लागतं तेव्हा आधी हात दिसतात. सरस्वतीबाई फाळके, ज्यांना या घरात वावरणारी मंडळी काकी म्हणतात, छिद्रं पाडायच्या यंत्रासमोर बसल्या आहेत. दिवसभर सगळ्यांचं जेवणखाण त्यांनीच पाहिलं. घर निजल्यावर आता हे दुसरं काम. त्यांचे पती दादासाहेब या वर्षी लंडनला जाऊन आले ते विल्यमसन कॅमेरा, हे यंत्र आणि कच्ची फिल्म या सगळ्याची सोय लावूनच. कोडॅकची ती फिल्म कोरी येते. दोन्ही कडा अखंड, एकही भोक नाही. आणि छिद्रं नसली तर कॅमेऱ्यातल्या नखीला पकडायला काही नसतं, फिल्म पुढे सरकत नाही, चित्र उमटत नाही.

तुम्ही इथे शिकाऊ म्हणून आला आहात, तेव्हा लगेच काम मिळतं. फिल्मचं टोक सरळ धरून यंत्रात सोडायचं. पण कुठली बाजू वर? अंधुक उजेडात दोन्ही सारख्याच दिसतात. काकी टोक उचलून ओठाला लावतात. जी बाजू किंचित चिकटते ती मसाल्याची, म्हणजे जिच्यावर जिलेटीनमध्ये चांदीचे क्षार बसवलेले असतात ती. दुसरी कोरडी सुटते. तुम्हीही लावून पाहता. चिकटते. शंभर वर्षांनंतरही फिल्मच्या प्रयोगशाळांमध्ये माणसं अंधारात हीच खूण वापरतील.

एका चौकटीला एका कडेला चार छिद्रं. फुटाला सोळा चौकटी, म्हणजे एका कडेला चौसष्ट छिद्रं, दोन्ही कडांना मिळून एकशे अठ्ठावीस. दादासाहेबांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट पुरा होईल तेव्हा त्याची लांबी ३७०० फूट भरेल. तेवढ्याच लांबीचा हिशेब केला तरी पावणेपाच लाखांच्या घरात छिद्रं होतात, आणि निगेटिव्ह वेगळी, प्रिंट वेगळी. टोक जरा तिरकं गेलं की छिद्र सरकतं. छिद्र सरकलं की पडद्यावर राजाचा महाल थरथरतो. प्रेक्षकाला जे दिसणार ते त्याला कधीच न दिसणाऱ्या कडेवर ठरतं. फिल्म जतन करायला शिकणाऱ्याचा पहिला धडा हाच आहे, आणि तुम्हाला तो फिल्म जन्माला येतानाच मिळाला.

घरात अजून वाटाण्याची गोष्ट ताजी आहे. भांडवल उभं राहावं म्हणून दादासाहेबांनी कुंडीतल्या वाटाण्याला अंकुर फुटून वेल होईपर्यंत थोड्या थोड्या वेळाने एकेक चौकट टिपली आणि ती फिल्म लोकांना दाखवली. आठवड्यांचं वाढणं डोळ्यांदेखत घडलं. पैसे देणाऱ्यांना त्यावरून पटलं की हा माणूस काही तरी करून दाखवील. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तुम्हालाही कुंडी लागणार आहे.

३ मे १९१३ला गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ला लागलेली गर्दी तुम्ही बघायला थांबलात तर कोणी नाही म्हणणार नाही. पण तुमचं काम गर्दीनंतर सुरू होतं.

तर वीसेक वर्षं पुढे. मुंबईतलंच एक गोदाम. मॅजेस्टिक थिएटरमध्ये पहिला बोलपट ‘आलम आरा’ लागून गेला आहे. १४ मार्च १९३१ नंतर मुक्या चित्रपटांना हळूहळू कोणी विचारेनासं झालं आहे. दाराशी डब्यांची थप्पी आहे. एकेका डब्यात हजार फूट, म्हणजे कुणाचे तरी महिने, कुणाचे दागिने गहाण, कुणाचा एकुलता एक अभिनय. आत एक माणूस तराजू लावून बसला आहे. तो डबा उघडतो, रीळ काढतो, डबा परत बाजूला टाकतो कारण पत्र्याचा भाव वेगळा, आणि रीळ पारड्यात ठेवतो.

“हिच्यात काय आहे?” तुम्ही विचारता.

“चांदी,” तो म्हणतो.

खोटं नाही. काळ्या-पांढऱ्या फिल्मवरचं चित्र म्हणजे चांदीचे कणच. ते धुऊन काढता येतात, आणि उरलेल्या पारदर्शक पट्ट्यांच्या बांगड्या आणि पर्सही होतात. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. त्यातले आज पूर्ण-अपूर्ण मिळून तीसही हाताशी नाहीत. हे आकडे सांगताना लोक सहसा काळाला दोष देतात: हवामान, दमटपणा, आग. ती कारणं खरी आहेत. पण मला वाटतं, या तराजूकडे एकदा नीट पाहून घ्यावं. काळाने खाल्लं त्यापेक्षा माणसांनी हिशेब करून जे मोडीत काढलं त्याचं दुःख मोठं आहे, कारण ते थांबवता आलं असतं. कुणी तरी तिथे उभं राहून एवढंच म्हणायला हवं होतं, की हे मला द्या.

तुम्ही म्हणालात तरी उपयोग नाही. तुमच्याजवळ ना पैसे आहेत ना गोदाम, आणि मोडीत निघणारी वस्तू कशासाठी ठेवायची याचं उत्तर द्यायला या शहरात अजून एकही संस्था नाही.

१९३६, पुणे. प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून इथे येऊन तीन वर्षं झाली आहेत. ‘संत तुकाराम’चं काम चालू आहे, दिग्दर्शन दामलेमामा आणि साहेबमामा फत्तेलाल यांचं. इथे तुम्ही फार वेळ काढणार नाही, एक गोष्ट बघून निघायचं आहे. कापणीच्या टेबलावरची पट्टी उजेडावर धरा. दादरला पाहिलेल्या पट्टीपेक्षा चित्र अरुंद झालंय. चित्र आणि छिद्रं यांच्यामध्ये एक चिंचोळी पट्टी आली आहे, आणि विष्णुपंत पागनिसांचा गळा तिथे उजेड-अंधाराच्या रूपात बसला आहे. कान लावून ऐकू येत नाही, पण भिंगातून दिसतो. आवाजाने जागा घेतली ती चित्राच्या कडेची. फिल्मच्या कडेवर इतकं काही राहत असतं हे एकदा पाहिलं, की कड कापून टाकणाऱ्या कुठल्याही यंत्राबद्दल मनात कायमची शंका बसते.

याच प्रभातच्या आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट येते, आणि फेब्रुवारी १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू होतं. तुम्ही साठीच्या दशकाच्या अखेरीला उतरता. तुमची खरी उमेदवारी इथे.

हे संग्रहालय उभं करणाऱ्या पी. के. नायर यांच्या हाताखाली काम करायचं म्हणजे रात्री चित्रपट बघायचे. बघायचे म्हणजे नुसते बघायचे नाहीत. अंधारात ते छोट्या बॅटरीच्या उजेडात वहीत लिहीत असतात: कुठल्या रिळात काय आहे, कुठे तुटलंय, कुठला तुकडा जागचा हललाय. दुसऱ्या दिवशी कुणी एखादं दृश्य मागितलं की कितव्या रिळात ते सापडेल हे त्यांना माहीत असतं. तुम्ही शेजारी बसून आपल्या वहीत तसंच लिहायचा प्रयत्न करता. पडद्यावरून नजर न काढता लिहिल्यामुळे ओळी एकमेकींवर चढतात. सकाळी स्वतःचं अक्षर स्वतःलाच लागत नाही, मग शिकता: एका पानावर एकच रीळ, आणि ओळीच्या सुरुवातीला अंगठा.

बाकीचे दिवस फिरण्यात जातात. निर्मात्यांची घरं, बंद पडलेले स्टुडिओ, प्रयोगशाळांचे माळे. नायरसाहेब चांगला-वाईट असा निवाडा करत बसत नाहीत. गाजलेला असो, पडलेला असो, अर्धवट असो, फिल्म आली पाहिजे. आज याचं महत्त्व कळायला जड नाही, पण त्या काळात सरकारी पैशाने पडलेला चित्रपट जपायचा ही गोष्ट पटवून देणं किती कठीण गेलं असेल याचा विचार करा. १९९१ मध्ये ते निवृत्त होतील तेव्हा संग्रहालयात बारा हजारांच्या आसपास चित्रपट असतील.

फाळक्यांच्या चित्रपटांचं जे काही उरलं होतं ते फाळके कुटुंबीयांकडून मिळवणारेही हेच. दादासाहेब १९४४ साली नाशिकला वारले. त्यांच्यामागे घरात राहिलेली ती रिळं नायट्रेटची, म्हणजे सहज पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मची. आता असा एक डबा तुमच्या मांडीवर ठेवलाय असं समजा. झाकण हळूच फिरवायचं. नायट्रेट मरतं ते ठरावीक पायऱ्यांनी: आधी चित्र पिवळट-तपकिरी होऊन फिकं पडतं, मग फिल्म चिकट होते, मग पृष्ठभागावर मधासारखे फुगे येतात, मग वेटोळी एकमेकांत वितळून एकच गोळा होतो, आणि शेवटी तपकिरी भुकटी. तुमच्या डब्यातलं रीळ दुसऱ्या पायरीशी आहे. म्हणजे आत्ता. पुढच्या उन्हाळ्यात नाही, आत्ताच त्याची सुरक्षित फिल्मवर प्रत काढायची. आक्रसलेली छिद्रं नेहमीच्या यंत्राच्या दातांवर बसत नाहीत, त्यामुळे ही प्रत एकेक चौकट करत, सावकाश काढावी लागते.

‘कालिया मर्दन’ असाच वाचला. १९१९ची मंदाकिनी फाळके, एवढीशी मुलगी, कृष्ण होऊन आजही पाण्यात उडी घेते. ‘राजा हरिश्चंद्र’चं मात्र पहिलं आणि शेवटचं रीळ तेवढं उरलं.

आणि इथे तो वाद आहे ज्यासाठी मी तुम्हाला दादरच्या त्या खोलीत आधी नेलं. फाळक्यांनी १९१७ मध्ये हीच कथा ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ म्हणून पुन्हा काढली. आज आपण जी रिळं ‘पहिला भारतीय चित्रपट’ म्हणून दाखवतो ती १९१३ची की १९१७ची, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. नटांचे चेहरे, कपडे, पाट्या यांवरून दोन्हीकडून युक्तिवाद होतात. पण तुम्ही चित्राकडे बघूच नका. कडेकडे बघा. ईस्टमन कोडॅकने १९१६ पासून फिल्मच्या कडेवर वर्षाची खूण उमटवायला सुरुवात केली: पहिल्या वर्षी गोल, १९१७ला चौकोन, १९१८ला त्रिकोण, आणि वीस वर्षांनी तोच क्रम पुन्हा. मूळ पट्टी कोडॅकची असेल, कड शाबूत असेल आणि तिच्यावर चौकोन असेल, तर ती १९१३ची असूच शकत नाही. खूण कुठल्या पिढीची तेही ओळखता येतं: प्रिंटची स्वतःची खूण काळी दिसते, निगेटिव्हवरून उतरलेली पांढरी. आणि छिद्रं? घरी हाताने पाडलेल्या छिद्रांची ओळ कारखान्यातल्या यंत्राइतकी एकसारखी येत नाही. कुठे केसभर डावीकडे, कुठे जरा अधिक दाबून. काकींचा हात त्या ओळीत असायला हवा.

मूळ नायट्रेटवरून प्रत काढली की चित्र वाचतं. कड वाचेलच असं नाही. जगभरच्या संग्रहालयांनी वर्षानुवर्षं प्रत निघाली की नायट्रेट नष्ट केलं, आगीच्या भीतीने. भीती खरीच होती. नायट्रेट जळताना स्वतःच प्राणवायू सोडतं, पाण्याखालीही जळत राहतं, आणि फार कुजलेलं असेल तर मे महिन्यातल्या विदर्भाच्या दुपारचं तापमानही त्याला पेट घ्यायला पुरतं. पण त्या आगीच्या भीतीने जे गेलं त्यात फक्त धोका नव्हता, साक्षही होती.

जानेवारी २००३, पुन्हा पुणे. नायट्रेटच्या गोदामाला आग लागली आहे आणि तुम्ही लांब उभे आहात, कारण जवळ जाऊन करण्यासारखं काहीच नाही. मुक्या काळातल्या आणि बोलपटाच्या पहिल्या वर्षांतल्या मूळ पट्ट्या त्यात गेल्या. काहींच्या प्रती आधीच निघाल्या होत्या, म्हणून पडद्यावर ते चित्रपट आजही दिसतात. पट्ट्या दिसत नाहीत.

आता वर्तमानात या. तुम्ही विद्यार्थी आहात, उन्हाळ्याची इंटर्नशिप मिळाली आहे, आणि पहिल्या दिवशी वाटलं होतं की मोठ्या पडद्यासमोर बसून रंग दुरुस्त करायचे असतील. तुम्हाला दिलंय ते एक तपासणीचं टेबल: मध्ये खालून उजेड येणारी काच, दोन्ही बाजूंना हाताने फिरवायचे रिवाइंडर, भिंग, सुती हातमोजे, जोड लावायचं यंत्र आणि छापील अहवालांचा गठ्ठा.

डबा उघडण्याआधीच वास येतो. आंबूस, नाकात शिरणारा. नायट्रेटनंतर आलेल्या ॲसिटेट फिल्मला सगळे सुरक्षित म्हणत, कारण ती भडकत नाही. पण ती दमट उष्णतेत फुटते आणि ॲसिटिक ॲसिड सोडते, आणि ते ॲसिडच पुढच्या फुटण्याला गती देतं. एकदा उतरणीला लागली की वेग वाढतच जातो. डब्यात निळ्या कागदाची एक चिंचोळी पट्टी ठेवून झाकण लावायचं. दुसऱ्या दिवशी काढून तिच्यासोबत येणाऱ्या पेन्सिलीवरच्या रंगांशी ताडायची. निळी राहिली तर ठीक. हिरवी झाली तर रांगेत पुढे घ्या. पिवळी झाली तर बाकीचं सगळं सोडून ही.

तुमची हिरवी निघते.

मग आक्रसणं मोजायचं. ठरावीक संख्येची छिद्रं मापाच्या खुंट्यांवर बसवली की काटा टक्केवारी दाखवतो. एक टक्का ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण तेवढ्यानेच नेहमीच्या प्रोजेक्टरचे दात छिद्रांच्या कडा फाडू लागतात. आजचे चांगले स्कॅनर दातांवर चालतच नाहीत. गुळगुळीत रुळावरून फिल्म सरकते आणि छिद्रांची जागा प्रकाशाने वाचली जाते. एकाएकी त्या पावणेपाच लाख छिद्रांना यंत्राने हात न लावता नुसतं पाहण्याचा काळ आला आहे.

हे काम संथ आहे. डाव्या हाताने रिवाइंडर, उजव्या हाताच्या दोन बोटांत कड हलकेच धरलेली. डोळ्यांना दिसायच्या आधी बोटांना कळतं: इथे जोड आहे, इथे छिद्र फाटलंय, इथे कुणी तरी घाईत चिकटपट्टी लावली होती आणि तिचा गोंद पसरलाय. मोज्यांमुळे हे कळत नाही म्हणून बरेच जाणते लोक बोटं स्वच्छ करून उघड्या हातांनीच कड तपासतात, मोजे चित्राला हात लागायचा असेल तेव्हा. तुमच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या काकांनी आयुष्य यात घालवलंय. ते म्हणतात, “घाई करू नकोस. ती इतकी वर्षं थांबलीय, दुपारपर्यंत थांबेल.” आणि तरीही हिरव्या पट्टीच्या डब्यावर ते लाल शाईने तारीख टाकतात.

मुंबईची फिल्म हेरिटेज फाउंडेशन २०१५ पासून देशभर फिल्म जतनाच्या कार्यशाळा घेते आहे, आणि त्यात तुमच्यासारखी मुलं जोड लावण्यापासून प्रयोगशाळेच्या रसायनांपर्यंत सगळं हाताने करून शिकतात. त्यांनीच हाती घेतलेल्या ‘मंथन’च्या पुनरुज्जीवनाचं उदाहरण अभ्यासण्यासारखं आहे. १९७६चा चित्रपट, गुजरातमधल्या पाच लाख शेतकऱ्यांनी दोन दोन रुपये देऊन उभा केलेला. चित्र संग्रहालयातल्या मूळ निगेटिव्हवरून घेतलं, आवाज मात्र एका जपून ठेवलेल्या प्रिंटवरून. मे २०२४ मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला. चित्र एकीकडे, आवाज दुसरीकडे, आणि दोन्ही ठिकाणी कुणी तरी डबा टाकून दिला नव्हता.

संध्याकाळी खोलीवर तुमचे स्वतःचे उद्योग. मोडीत निघालेल्या प्रिंटच्या लांबीतले बिनकामाचे तुकडे तुम्ही मागून आणले आहेत. एकावर मागच्या बाजूला ओरखडा आहे, पडद्यावर पावसासारख्या रेघा उठवणारा. औषधाच्या दुकानातून आणलेल्या ग्लिसरीनचा एक थेंब त्यावर सोडून भिंगातून बघा. ओरखडा नाहीसा! पुसला गेलेला नाही, फक्त दिसत नाही, कारण ग्लिसरीन आणि ॲसिटेट दोन्हींतून प्रकाश जवळजवळ सारखाच वाकतो आणि खाच भरली की प्रकाशाला ती कळत नाही. प्रयोगशाळेत प्रत काढताना किंवा स्कॅन करताना फिल्म द्रवातून नेतात ती याच तत्त्वावर. तिथला द्रव वेगळा असतो, आणि ग्लिसरीन कधीही खऱ्या फिल्मवर घालायचं नाही, ते जिलेटीनमध्ये मुरतं. पण समजायला हा थेंब पुरे. हे पुस्तकात वाचलं होतं तेव्हा कळलं असं वाटलं होतं, कळलं आत्ता.

दुसरा तुकडा पावसाळ्यात कोकणातल्या मामाच्या माळ्यावर ठेवायला दिलाय, तिसरा सिलिका जेलच्या पुडीसकट बंद डब्यात फ्रिजमध्ये. गणपतीला गेलात की माळ्यावरच्या तुकड्यावर पांढरट जाळं दिसेल. बुरशी जिलेटीन खाते, आणि जिलेटीन म्हणजे जनावरांच्या हाडांचं आणि कातड्याचं सत्त्व, तिला ते अन्नच. फ्रिजमधला तसाच. तापमान आणि दमटपणा यांवर शिकवलेली सगळी व्याख्यानं या दोन तुकड्यांत मावतात.

आणि कुंडी. खरं तर वाटी. मटकी भिजवून, ओल्या कापडावर पसरून, मोड येईपर्यंत तिच्यावर १६ मिलिमीटरचा चावीचा कॅमेरा रोखून ठेवलाय आणि तुम्ही रात्रभर गजर लावून उठता, एक चौकट टिपता, परत आडवे होता. फिल्म धुवायला प्रयोगशाळा परवडत नाही म्हणून इन्स्टंट कॉफी, धुण्याचा सोडा आणि क जीवनसत्त्वाची भुकटी यांचं मिश्रण. हे खरंच चालतं. कॉफीतली रसायनं चांदीचे क्षार काळे करतात. पक्कं करायला हायपो मात्र लागतोच. वास इतका वाईट की शेजारची मुलं दार ठोठावतात. न्हाणीघरातल्या दोरीवर ओली फिल्म वाळत घातलीत तर तिच्यावर धूळ बसते, आणि ती धूळ आता कायमची तुमच्या चित्रपटात. मोड येताना दिसतात. थरथरत, डागाळलेले, पण येतात. फाळक्यांनी काय केलं ते माहीत असणं वेगळं आणि पहाटे तिसऱ्या गजराला उठून ती चौकट टिपणं वेगळं. मला नेहमी वाटतं, जतन शिकणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी वाईट का होईना फिल्म स्वतः बनवावी. आपल्या हाताने ओरखडा पाडलेला माणूस दुसऱ्याचा ओरखडा निराळ्या आदराने बघतो.

इंटर्नशिपच्या शेवटच्या टप्प्यात तुम्हाला स्कॅनरवर बसू देतात. हिरव्या पट्टीचा तो डबा आता तुमच्याच हातात. ४केमध्ये एक चौकट पन्नास मेगाबाइटच्या आसपास भरते, सेकंदाला चोवीस चौकटी, तासाला चार टेराबाइटपेक्षा जास्त. स्कॅनर फक्त चित्राचा चौकोन घेऊ शकतो, किंवा कॅमेरा थोडा मागे घेऊन दोन्ही कडा, छिद्रं, आवाजाची पट्टी, खुणा सगळं. प्रमुख म्हणतात, नेहमीप्रमाणे चित्र घ्या. कडा घेतल्या तर त्याच चौकटीत चित्राच्या वाट्याला बारकावे कमी येतात, किंवा मग फाइल वाढते. जागेला पैसे पडतात आणि रांगेत अजून शेकडो डबे आहेत. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. चौकशी करणारा एक अभ्यासक आणि सडत जाणारी शंभर रिळं यांच्यात निवड करायची वेळ आली तर रिळं आधी.

तरीही तुम्ही वाद घालता. निदान प्रत्येक रिळाची सुरुवात, शेवट आणि प्रत्येक जोडाच्या आसपासचा भाग कडांसकट घेऊ. त्याला जागा फार लागत नाही. ‘हरिश्चंद्र’च्या वादाचं उदाहरण तुम्ही देता, सांगता की प्रत काढणाऱ्यांना त्या वेळी कडेचं महत्त्व माहीत असतं तर आज भांडण मिटवता आलं असतं. प्रमुख ऐकतात. मान्य होतं, पण अट अशी की ती जादा नोंद तुम्हीच करायची, कामाची वेळ संपल्यावर.

तुम्ही करता. कड घेताच एक गोष्ट सापडते: पाचव्या रिळाच्या मध्यावर खुणा बदलतात. अलीकडे एका वर्षाची, पलीकडे दोन वर्षं पुढची. म्हणजे ही प्रिंट दोन प्रिंटांचे तुकडे जोडून कुणी तरी पुरी केली होती, कुठल्या तरी वितरकाच्या खोलीत, तुटलेला भाग दुसऱ्या प्रतीतून उचलून. चित्रात हे अजिबात कळत नाही. तुम्ही अहवालात लिहिता, जोडाची जागा, दोन्ही खुणा, छिद्रांचा आकार. कारण लिहीत नाही, कारण माहीत नाही.

अजून एक उडी, आणि ही पुढे. चाळीस वर्षं. तुमचं स्कॅन आधी एलटीओ या डेटा साठवायच्या टेपवर होतं, आता कशावर आहे ते तुम्हाला ओळखूही येत नाही. टेपची नवी यंत्रं जुन्या पिढ्या वाचेनाशी होतात, त्यामुळे दर काही वर्षांनी कुणी तरी सगळा डेटा उचलून नव्यावर नेला, प्रत्येक वेळी फाइलींच्या बेरजांचे आकडे (चेकसम) ताडून पाहिले, की एकही अंक बदललेला नाही. फिल्मचा डबा थंड अंधारात नुसता ठेवला तरी टिकतो. फाइल नुसती ठेवली तर मरते. तिला दर काही वर्षांनी उचलणारा माणूस लागतो, आणि त्या माणसाचा पगार.

टेबलाशी एक मुलगी बसली आहे. इंटर्नशिपचा पहिला आठवडा. तिने तुमच्या फाइलमधलं चित्र बघितलेलंच नाही. ती थेट पाचव्या रिळाच्या जोडावर गेली आहे, खुणा मोठ्या करून बघते आहे, आणि तुम्ही न लिहिलेल्या कारणाच्या मागे आहे. तिच्याकडे दुसऱ्या शहरातल्या एका प्रिंटचं स्कॅन आहे, ज्यात नेमका तेवढाच भाग गायब आहे. तिला तुकड्याच्या दोन्ही टोकांची कापणी जुळते का ते पाहायचं आहे आणि त्यासाठी तुमच्या नोंदी अपुऱ्या पडतात. तुम्ही जोडाच्या दोन्ही बाजूंना थोडाच भाग घेतला होता.

ती मूळ डबा मागवते. शीतगृहातून डबा लगेच उघडता येत नाही, गार फिल्मवर हवेतला ओलावा साचतो. टप्प्याटप्प्याने बाहेर आणून उद्या दुपारी झाकण निघेल. तोवर ती दुसऱ्या शहरातल्या संग्रहालयाला पत्र लिहिते: त्यांच्या प्रिंटच्या तुटलेल्या टोकाचं स्कॅन हवं आहे, कडांसकट, दोन्ही बाजूंनी किमान दहा फूट, आणि आक्रसण्याची टक्केवारीही कळवावी.